शोभेचा स्प्रूस आणि सोलापूरची माती

‘देवदार’ हा शब्द मराठी माणसाच्या मनांत दोन अगदीं भिन्न चित्रें उभीं करतो. ज्यानें रघुवंशाचा दुसरा सर्ग वाचला आहे, त्याला पार्वतीनें पाणी घालून वाढविलेला व शंकरानें पुत्र मानलेला हिमालयांतील तो भव्य वृक्ष आठवतो. ज्याचा काव्याशीं संबंध आला नाहीं, त्याला दुकानाच्या कोपऱ्यांत पडलेलें देवदारी खोकें आठवतें. या दुसऱ्या देवदाराचा पहिल्याशीं बहुधा कांहींच संबंध नसतो. परदेशांतून माल घेऊन येणाऱ्या हलक्या, पांढरट, मऊ लांकडाच्या पेट्यांस आपल्या बाजारानें सरसकट ‘देवदारी’ म्हटलें. पाइन, फर आणि स्प्रूस हे थंड मुलखांतील तीन वृक्ष अशा रीतीनें एकाच नांवाखालीं आपल्या घरांत शिरले, आणि त्यांचे निराळे कुलशील विचारण्याची गरज कोणास भासली नाहीं.

या तिघांपैकीं स्प्रूसचा आणि आपला परिचय तर आपल्या कल्पनेपेक्षां पुष्कळच जुना व निकट आहे. व्हायोलिनचा वरचा तक्ता स्प्रूसच्या लांकडाचा असतो. वृत्तपत्राचा कागद हिंदुस्थानांत मध्यप्रदेशांतील नेपानगर येथें १९५५ सालीं निघूं लागला. तोंवर तो परदेशांतूनच येई, आणि कॅनडा व उत्तर युरोप येथील गिरण्यांत असा कागद मुख्यत्वें स्प्रूसच्या लगद्याचा होत असे. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनीं सकाळच्या चहाबरोबर जें वर्तमानपत्र उलगडलें, त्यांत कोठल्या तरी हिमाच्छादित डोंगरावरील स्प्रूसचा अंश असण्याचा संभव मोठा होता. मात्र हा सारा परिचय मृत लांकडाचा. जिवंत स्प्रूस सोलापुरास रुजला नाहीं, व रुजण्याचा संभवहि नाहीं.

मग त्याचा इतिहास येथें कशास, असें वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, थंड देशांतील लोकांनीं हा वृक्ष अरण्यांतून अंगणांत आणला, तेव्हां त्याच्या जोपासनेंत त्यांस जी मुख्य अडचण आली, ती थंडीची नव्हती. ती तहानेची होती. आणि तहान ही सोलापूर जिल्ह्याची सर्वांत जुनी ओळख आहे.

प्रथम हा वृक्ष शोभेचा कसा झाला, तें पाहूं. युरोपांतील सामान्य स्प्रूस, ज्यास नॉर्वे स्प्रूस म्हणतात, तो हजारों वर्षें त्या खंडाच्या उत्तर व मध्य भागांत रानटी वाढत होता. त्याच्यापासून इमारती लांकूड, डिंक व सरपण घ्यावें, यापलीकडे त्याच्याकडे पाहण्याची दृष्टि फारशी नव्हती. सोळाव्या-सतराव्या शतकांत जर्मन मुलखांत नाताळच्या दिवसांत फर अथवा स्प्रूसचें झाड घरांत उभें करून तें सजविण्याची चाल दृढ होत गेली. इंग्लंडच्या राजवाड्यांत ही चाल राणी व्हिक्टोरियाच्या जर्मन पतीच्या आवडीमुळें विशेष गाजली, आणि १८४८ सालीं एका सचित्र साप्ताहिकानें राजकुटुंब अशा झाडाभोंवतीं उभें असल्याचें चित्र छापतांच ती मध्यमवर्गाच्या घरोघरीं पोंचली. आजहि लंडनच्या ट्रफल्गार चौकांत १९४७ पासून दर वर्षीं जें झाड उभें राहतें, तें दुसऱ्या महायुद्धांतील साहाय्याची आठवण म्हणून ऑस्लो शहरानें पाठविलेलें नॉर्वे स्प्रूसचेंच असतें.

एकदां झाड दिवाणखान्यांत आलें म्हणजे तें अंगणांत लावावेंसें वाटणें ओघानेंच येतें. एकोणिसाव्या शतकांतील बागाइतदारांस नव्या जातींची भूक लागली होती, आणि ती भागविण्यास जगाचे डोंगर धुंडाळले जात होते. हिमालयांतील लोंबत्या फांद्यांचा स्प्रूस, ज्यास तिकडील पहाडी लोक ‘राई’ म्हणतात, तो १८१८ च्या सुमारास ब्रिटनमध्यें गेला. अमेरिकेंतील कोलोरॅडोच्या पर्वतांत पाइक्स शिखरावर चार्ल्स पॅरी या वनस्पतिशास्त्रज्ञास १८६२ सालीं निळसर रुपेरी पानांचा स्प्रूस आढळला, आणि पुढें तो श्रीमंतांच्या हिरवळींचें भूषण बनला. १९०४ सालीं कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत लेक लुईजवळ अर्नोल्ड वृक्षोद्यानाच्या दोघां अभ्यासकांस पुरुषभर उंचीस पोंचावयासहि दशकें घेणारा एक ठेंगणा, शंकूसारखा रेखीव स्प्रूस सांपडला. आज थंड देशांतील दारापुढच्या कुंड्यांत जो बुटका स्प्रूस दिसतो, तो बहुधा याचाच वंशज.

आतां या वृक्षाची शरीररचना पाहिली पाहिजे. कारण त्याचें सौंदर्य आणि त्याची अडचण हीं दोन्ही तेथेंच आहेत. स्प्रूसचें पान म्हणजे एक आंखूड, चौकोनी धारेची सुई. ती डहाळीवरील बारीक खुंटीवर एकेकटी बसते. देवदाराच्या सुयांचे झुबके असतात, व त्याचे शंकू फांदीवर उभे राहतात. स्प्रूसचे शंकू खालीं लोंबतात. ही ओळख लक्षांत ठेवली म्हणजे बाजारानें एक केलेले वृक्ष निराळे करतां येतात. सुईवर मेणाचा लेप असतो. कोलोरॅडोच्या स्प्रूसचा निळा रंग या मेणामुळेंच दिसतो. झाड खालीं रुंद व वर निमुळतें असल्यानें त्यावरील बर्फ घसरून पडतें व फांद्या मोडत नाहींत. म्हणजे ज्यास आपण डौल म्हणतों, तो त्या वृक्षाचा संसार आहे. शिवाय पुढल्या वर्षींच्या कळ्या नीट उमलण्यास त्यास कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. हिंवाळा त्याला नुसता सोसत नाहीं, हवा असतो. स्वीडनमध्यें फुलू पर्वतावर एक नॉर्वे स्प्रूस आहे. त्याचें दिसणारें खोड अवघें कांहीं शतकांचें, पण त्याच्या बुडाशीं सांपडलेल्या जुन्या काष्ठावरून त्या एकाच जीवाचें वय सुमारें ९,५५० वर्षें ठरविण्यांत आलें आहे. खोडें मरत गेलीं, मूळ नवीं खोडें काढीत राहिलें.

असा चिवट वृक्ष अंगणांत लावल्यावर मरतो कां? हिंवाळा सरतां सरतां त्याच्या सुया एका बाजूनें तांबूस होतात, वसंतांत त्या गळून पडतात, आणि घरधनी समजतो कीं थंडीनें झाड जळलें. वस्तुतः जमीन गोठल्यामुळें मुळांस पाणी मिळत नाहीं. वर मात्र ऊन पडतें, कोरडा वारा वाहतो, आणि सुयांतील ओलावा उडून जातो. चहूंकडे बर्फाच्या रूपानें पाणी पसरलेलें असतां झाड तहानेनें वाळतें. सुईसारखें आंखूड पान आणि त्यावरचें मेण हीं या तहानेचींच उत्तरें आहेत. रानांतील झाडास शेजाऱ्यांचा आडोसा व गळलेल्या सुयांचें जाड अंथरूण मिळतें. अंगणांतील झाडास तें कोणी तरी द्यावें लागतें.

म्हणून थंड देशांतील जाणते माळी जें करतात, त्याचा क्रम असा असतो. स्प्रूसचीं मुळें खोल न जातां पसरट वाढतात, म्हणून खड्डा खोल न घेतां रुंद घेतात, आणि रोप नर्सरींत ज्या पातळीवर होतें त्याहून खालीं पुरत नाहींत. पाणी सांचणारी जागा टाळतात. बुडाभोंवतीं झाडाच्या सालींचा अथवा पाचोळ्याचा दोनतीन इंचांचा थर पसरतात, मात्र तो खोडास भिडूं देत नाहींत. जमीन गोठण्यापूर्वीं, शरदाच्या अखेरीस, तिला सावकाश व खोलवर भरपूर पाणी पाजतात. कोंवळ्या झाडाच्या वाऱ्याकडील बाजूस गोणपाटाचा पडदा उभारतात. खालच्या फांद्या छाटीत नाहींत, कारण त्या बुडाची जमीन झांकतात, व एकदां गेल्या कीं पुन्हां येत नाहींत. दोन झाडांत भरपूर अंतर राखतात, नाहीं तर हवा न खेळून बुरशी येते व आंतील सुया झडतात. या साऱ्या क्रमांत ऊब देण्याचा उपाय जवळजवळ नाहींच. ओल सांठवावी, ती उडूं देऊं नये, आणि मुळांस त्यांच्या स्वभावाप्रमाणें पसरूं द्यावें, एवढाच त्याचा सारांश.

आतां दृष्टि दक्षिणेकडे वळवूं. मुंबई इलाख्यांत परक्या वनस्पती शास्त्रीय रीतीनें लावून पाहण्याचा उद्योग १८२८ सालीं पुण्याजवळ दापोडी येथें सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दींत निघालेल्या सरकारी बागेपासून सुरू झाला. १८३८ पासून तिचा कारभार पाहणारा डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुढें १८४७ सालीं इलाख्याच्या जंगलांचा पहिला प्रमुख अधिकारी झाला. दापोडीची बाग १८६५ सालीं बंद झाली, आणि १८७३ सालीं गणेशखिंडीची बाग उभी राहिली. या मंडळींचा उत्साह दांडगा होता, पण हवामानापुढें उत्साह चालत नाहीं. महाबळेश्वरास चिनी कैद्यांनीं बटाटे व विलायती भाज्या यशस्वी करून दाखविल्या. परंतु तेथेंच लिंगमळ्यास १८६५ च्या सुमारास आंडीज पर्वतांतील सिंकोना लावण्याचा जो प्रयोग झाला, तो कांहीं वर्षांतच सोडून द्यावा लागला. उंची होती, गारवा होता. पण चार महिन्यांत दोनशें इंचांहून अधिक पाऊस आणि पुढें उन्हाळ्यापर्यंत कोरड, हें त्या वृक्षाचें घर नव्हतें. थर्मामीटरच्या एका आंकड्यावरून वृक्षाचें घर ठरत नाहीं, हा धडा त्यांत होता.

निसर्गानें हा धडा आधींच देऊन ठेवला आहे. महाराष्ट्रांत रानटी वाढणारा एकहि सूचिपर्णी वृक्ष नाहीं. विंध्याच्या दक्षिणेस त्या वर्गाचा एकच वृक्ष स्वाभाविकपणें आढळतो, तो सह्याद्रीच्या दक्षिण टोंकाकडील ओल्या अरण्यांत. आणि त्याचीं पानेंहि सुईसारखीं नसून रुंद आहेत. पण पृथ्वीच्या इतिहासांत नेहमींच असें नव्हतें. नागपूरजवळील टाकळी येथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें जे अश्मीभूत अवशेष गोळा केले, त्यांतील शंकूंचें वर्णन डॉ. बिरबल साहनी यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें, आणि एका जातीच्या नांवांत टाकळीचें नांव कायम झालें. दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाच्या रूपानें वाहत होता, त्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या काळांत विदर्भाच्या तळ्यांकांठीं शंकुधारी वृक्ष उभे होते. पुढें हवा पालटली, आणि ते गेले. त्याच पाषाणाची झीज होऊन सोलापूरची काळी माती झाली.

तरीहि निमुळत्या, सदाहरित झाडाची हौस दख्खनेंत दिसते. ‘सुरू’ हा शब्दच पाहा. फारशी ‘सर्व’ म्हणजे सायप्रस; इराणी बागांच्या कल्पनेबरोबर तो शब्द इकडे आला. १८६८ च्या सुमारास कारवारच्या किनाऱ्यावर कॅशुअरिनाची लागवड सुरू झाली. ती वस्तुतः फुलझाडांच्या वर्गांतील, केवळ दिसण्यांत सूचिपर्णी. आज मराठी माणूस सुरू म्हणतो तो बहुधा तिलाच. मूळ झाड मागें राहिलें, नांव दुसऱ्या झाडानें घेतलें. आज रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जें मिळतें, तें दक्षिण पॅसिफिकमधील बेटांवरचें अरौकारिया. त्यास समुद्राची दमट हवा मानवते. सोलापूरच्या मे महिन्यांत त्याचे शेंडे करपूं लागतात. खऱ्या सूचिपर्णी वर्गांतील एकच झाड आपल्या घरगुती बागेंत रुळलें, तें चीनकडील मोरपंखी. शाळकरी मुलें ‘विद्या’ म्हणून त्याची डहाळी पुस्तकांत ठेवतात. नर्सरीच्या जाहिरातीनें जें साधत नाहीं, तें या बालसमजुतीनें साधलें. झाड परकें राहिलें नाहीं.

आतां सोलापूर. येथें वर्षाकाठीं सरासरी वीस ते तीस इंच पाऊस, तोहि लहरी. मे महिन्यांत पारा चाळीस अंश सेल्सियसच्या वर, आणि जानेवारींतील रात्रहि क्वचितच दहा अंशांच्या खालीं जाते. ज्या थंडीवांचून स्प्रूसची कळी नीट उमलत नाहीं, ती येथें येतच नाहीं. १८७६–७७ च्या दुष्काळानें हा जिल्हा होरपळला. त्यापूर्वीं १८७१ सालीं पुरा झालेला एकरूखचा तलाव आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, १९८० सालीं, उभें राहिलेलें उजनीचें धरण हे या तहानेवरचे मोठे उपाय. पण आमच्या मतें तितकाच महत्त्वाचा एक लहान उपाय १९३३ सालीं येथें सुरू झाला. त्या वर्षीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें. त्या कामांतील प्रमुख श्री. ना. वि. कानिटकर यांचा हिंदुस्थानांतील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या संशोधनांतून जी पद्धति ठरली, ती अशी: उताराला आडव्या ताली घालून पाणी जागींच मुरवावें; ठराविक वर्षांनीं खोल नांगरट करावी; शेणखत घालावें; बीं बेतानें व ओळी दूर ठेवून पेरावें; आणि वारंवार कोळपून मातीचा वरचा थर भुसभुशीत ठेवावा, म्हणजे तोच आंतल्या ओलीवर पांघरूण होतो. आपला शेतकरी हेंच ‘एक कोळपणी अर्धें पाणी’ या शब्दांत सांगत आला आहे.

वाचकांनीं हा क्रम आणि वर दिलेला स्प्रूसच्या माळ्याचा क्रम शेजारीं ठेवून पाहावा. एकीकडे उणें तीस अंश, दुसरीकडे अधिक बेचाळीस. पण कृति जवळजवळ एकच. ओल सांठवा, झांका, दाटी करूं नका, कोरड येण्यापूर्वीं तयारी करा. शरदांत पाजलेल्या पाण्यावर स्प्रूस हिंवाळा काढतो. भाद्रपद-आश्विनांत काळ्या मातीनें धरलेल्या ओलीवर आपला शाळू पाऊस नसतां कणसास येतो. मूळचे मालवणचे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे १९१४ सालीं जर्मनीस गेले, महायुद्धामुळें तेथें अडकून पडले, आणि १९१९ सालीं बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली, ती वायव्य हिंदुस्थानांतील रुक्ष भूमीच्या वनस्पतींवर. थंड देशांत बसून कोरड्या देशाच्या वनस्पतींचा विचार करणारा हा मराठी विद्वान् आम्हांस या संदर्भांत नेहमीं आठवतो. शास्त्र सीमा ओलांडून येतें. झाडाला मात्र माती व हवा विचारून यावें लागतें.

यावर एक आक्षेप येईल. शोभेच्या गोष्टींत उपयुक्ततेचें जोखड कशास? आपल्या अंगणांत कोणीं काय लावावें, हें सांगणारे तुम्ही कोण? आक्षेप रास्त आहे, आणि परकें झाड म्हणून कोणतेंहि झाड वर्ज्य करावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. डाळिंब हें इराणकडील झाड. त्यास कोरडी हवा मानवली, आणि त्यानें सोलापूर जिल्हा असा आपलासा केला कीं, २००५ सालीं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र येथेंच निघालें. तांबड्याभडक फुलांनीं बहरलेलें डाळिंब दारापुढें असतां शोभेसाठीं आणखी दूर जाण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. परकेपणा हा दोष नव्हे. विसंगति हा दोष होय. आपल्या शहरांत नळास कांहीं दिवसांआड पाणी येणें हें नवलाचें राहिलेलें नाहीं. अशा ठिकाणीं एका नव्या बंगल्यापुढें चित्रांत पाहिलेलें निमुळतें झाड जगविण्यासाठीं टँकरचें पाणी ओतावयाचें, आणि त्याच भिंतीपलीकडे बाईनें घागरीसाठीं ताटकळत उभें राहावयाचें, हें दृश्य बागेच्या सौंदर्यांत भर घालीत नाहीं.

शिवाय सौंदर्याची कल्पनाहि आपण उसनी घेतलेली नाहीं ना, हें तपासून पाहावें. स्प्रूसचा निमुळता डौल सुंदर कां, तर तो बर्फाचें ओझें झुगारून देतो म्हणून. आमच्या मुलखांतील झाडास झुगारावयाचें ओझें बर्फाचें नव्हे, उन्हाचें आहे. म्हणून येथील सुंदर झाड पसरट असतें. कडुलिंबाचा घुमट, चिंचेची गर्द छत्री, वडाचा मांडव यांचा आकार हाहि एका संकटाला दिलेला जबाब आहे. आणि त्या जबाबाखालीं माणसें, गुरें व पाखरें दुपार काढतात.

तेव्हां ज्यांचीं मुलें-नातवंडें आज थंड देशांत घरें करून राहिलीं आहेत, त्यांनीं तेथील अंगणांत स्प्रूस अवश्य लावावा, त्याच्या बुडाशीं पाचोळा घालावा, आणि जमीन गोठण्यापूर्वीं त्यास पोटभर पाणी पाजावें. सोलापुरांत राहणाऱ्यांनीं तोच पाचोळा कडुलिंबाच्या रोपाच्या आळ्यांत घालावा, आणि कोरड लागण्यापूर्वीं पावसाचें पाणी तेथें मुरूं द्यावें. दोघांचें झाड निराळें असेल; पण दोघेहि एकाच विद्येचे विद्यार्थी असतील.